कर्ता एक, हिशेब कोणाचा?

एकत्र कुटुंबात कर्ता एकच असावा, म्हणजे घराची घडी विसकटत नाही, असे आपले वाडवडील मानीत आले. त्यात तथ्य आहेच. परंतु त्याच घरात धाकट्या भावाने कधी जमाखर्चाची वही मागितली, तर त्याला घरफोड्या ठरविण्याची रीतही आपण पाहिलेली आहे. राज्याच्या तिजोरीचा विचार करताना आम्हांला हे घर आठवते.

१ मे १९६० पासून १९९५ पर्यंत, १९७८ ते १९८० हा अल्पकाळ वगळता, महाराष्ट्राचा कारभार एकाच पक्षाकडे, काँग्रेसकडे, राहिला. या स्थैर्याचे श्रेय नाकारणे अन्यायाचे होईल. जायकवाडीसारखे धरण एका निवडणुकीच्या मुदतीत उभे राहत नाही. १९६५ साली त्याची पायाभरणी झाली आणि १९७६ साली उद्घाटन. १९७२ च्या दुष्काळात विस्तारलेली रोजगार हमी योजना, तिच्यासाठी १९७५ साली शहरी नोकरदारांवर व व्यावसायिकांवर बसविलेला व्यवसाय कर, ही धाडसाची पावले होती. आपली सत्ता टिकेल हा विश्वास असल्याविना असा कर लावण्यास सहसा कोणी धजत नाही.

पण याच विश्वासाची दुसरी बाजूही आहे. सत्ता जाण्याचे भय सरले की अर्थसंकल्पावरील चर्चा उपचारापुरती उरते. पैसा कोठे जावा, हे सभागृहापेक्षा पक्षाच्या आतल्या बैठकीत ठरू लागते. साखर कारखान्याचा संचालक, जिल्हा बँकेचा संचालक आणि आमदार हे पुष्कळदा एकाच वर्तुळातले. शासनाचे भागभांडवल मागणारा आणि कर्जाला शासनाची हमी देणारा एकाच घरचा असेल, तर ‘नाही’ कोणी म्हणावे? कारखाना बुडाला की हमीचा बोजा मात्र सर्वांच्या तिजोरीवर पडतो.

नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांनी याच पक्षाचे चार मुख्यमंत्री राज्याला दिले: शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख आणि अशोक चव्हाण. तरीही मराठवाड्याचे मागासलेपण सरले नाही. १९८४ साली दांडेकर समितीने राज्याचा विकासाचा अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये मोजला. त्यात मराठवाड्याचा वाटा जवळजवळ चोवीस टक्के होता. पुढे १९९७ साली निर्देशांक व अनुशेष समितीने १९९४ च्या स्थितीवरून नवी मोजणी केली, तेव्हा राज्याचा आकडा सुमारे १४,००७ कोटींवर गेला आणि मराठवाड्याचा वाटाही वाढला. महागाई व बदललेले निकष हे त्याचे एक कारण खरे. पण दरी मिटली नव्हती, हेही तितकेच खरे. आपला माणूस सर्वोच्च आसनावर बसणे आणि आपल्या गावाला न्याय मिळणे, या दोन गोष्टी एक नव्हेत.

मग पक्ष बदलला की प्रश्न सुटतो काय? १९९५ साली शिवसेना-भाजप युती आली. १९९६ साली कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापून बाजारातून कर्जरोखे उभारले गेले. कृष्णेच्या पाण्याचा आपला वाटा वापरण्याचा हेतू समर्थनीय होता. पण त्या कर्जाची फेड पुढच्या वर्षांच्या माथी आली. पुढेही सरकारे आली, गेली आणि बदलली. एप्रिल २०१६ मध्ये तहानलेल्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा राज्यात पुन्हा निराळे सरकार होते. हात बदलले, सवय बदलली नाही.

म्हणून आम्हांला वाटते, एका पक्षाची दीर्घ सत्ता हे मूळ पाप नव्हे. हिशेब विचारणारा परका वाटू लागणे, हे ते पाप होय. महालेखापरीक्षकांचे अहवाल आणि विधिमंडळाची लोकलेखा समिती ही वही उघडण्याचीच साधने आहेत. पण ज्यांच्या पैशाने तिजोरी भरते त्यांनाच वही पाहण्याचा कंटाळा असेल, तर ही साधने कपाटात पडून राहतात.

विरोधकाला जाब विचारणे सोपे असते. ज्याला आपण मत दिले, ज्याने आपल्या गल्लीत रस्ता आणला, ज्याच्या गळ्यात आपण हार घातला, त्याला ‘हा पैसा कोठून आला आणि कोणाच्या वाट्याचा होता?’ असे विचारणे कठीण असते. कर्त्यावर विश्वास ठेवावा. पण वही मात्र माजघरात, सर्वांच्या नजरेसमोर असावी.