चोर सोडून संन्याशाला सुळी

एप्रिल २०१३मध्ये ‘फेअरसर्च’ या गटाने युरोपीय आयोगाकडे गुगलविरुद्ध तक्रार गुदरली. मायक्रोसॉफ्ट, नोकिया, ओरॅकल ही बडी मंडळी त्या गटात होती. तक्रारीचे मुख्य मुद्दे दोन. गुगल अँड्रॉइड फुकट वाटते, म्हणजे खर्चापेक्षा कमी किमतीत माल देऊन इतरांना बाजारातून हुसकावते, हा एक. फोनमध्ये गुगलची एखादी महत्त्वाची सेवा हवी असेल तर बाकीची ॲपही घ्यावी लागतात आणि दर्शनी जागी मांडावी लागतात, हा दुसरा. कागद एकच असला तरी या दोन आरोपांची जात वेगळी आहे.

पहिला आरोप ग्राह्य धरला असता तर अनर्थ ओढवला असता. सॉफ्टवेअरची आणखी एक प्रत काढायला खर्च जवळजवळ येत नाही आणि मुक्त सॉफ्टवेअर लिहिण्याचा भार अनेक जण मिळून उचलतात. त्या न्यायाने लिनक्स, फायरफॉक्स, व्हीएलसी सगळेच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले असते. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन युरोपने त्याच वर्षी आयोगाला पत्र लिहून या मुद्द्याला विरोध केला. गंमत म्हणजे एप्रिल २०१४मध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टनेच नऊ इंचांहून लहान पडद्याच्या उपकरणांसाठी विंडोज फुकट करून टाकले.

पण म्हणून ‘कोड खुला आहे, मग तक्रार कसली?’ हा बचावही पुरा पडत नाही. अँड्रॉइडचा मूळ कोड कोणीही घ्यावा, बदलावा, विकावा; त्याच्या परवान्याची आडकाठी नाही. मात्र प्ले स्टोअर हवे असलेल्या उत्पादकाला गुगलने मान्य न केलेल्या अँड्रॉइडवर चालणारा एकही फोन विकता येणार नाही, अशी कबुली द्यावी लागे. एका मॉडेलवर प्रयोग करायचा तर सगळ्या मॉडेलांचे प्ले स्टोअर पणाला लागे. सप्टेंबर २०१२मध्ये अलीबाबाच्या अलियुन प्रणालीवरील फोनचे अनावरण एसरने ऐनवेळी रद्द केले. गुगलने दम भरला, असे अलीबाबाचे म्हणणे. अलियुन ही अँड्रॉइडशी न जुळणारी आवृत्ती आहे, असे गुगलचे. परवान्याने दिलेली मुभा करार कशी काढून घेतो, ते इथे दिसते.

आयोगाने जुलै २०१८मध्ये ४३४ कोटी युरोंचा दंड ठोठावला (२०२२मध्ये न्यायालयाने तो ४१२.५ कोटींवर आणला), तो अशा अटींसाठी. फुकट वाटण्याला त्याने हात लावला नाही. आपल्या स्पर्धा आयोगानेही ऑक्टोबर २०२२मध्ये १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला, त्यातही रोख ॲपच्या सक्तीवर आणि करारांवरच होता. दोन्हीकडे चोर बरोबर ओळखला गेला.

युरोपच्या निकालानंतर गुगलने तिथे सर्च आणि क्रोम वेगळे काढून बाकीची ॲप घेणाऱ्यांसाठी परवाना शुल्क लावले. म्हणजे मोबदला आधीही वसूल होतच होता. तो फोनच्या पहिल्या पडद्यावरील शोधपट्टीतून येत होता.

फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरविरुद्ध पुढेही तक्रारी येतील. तेव्हा त्याची किंमत किती, यात नियामकाने फार वेळ घालवू नये. घेणाऱ्याने ते आपल्या मर्जीने बदलले तर त्याच्या हातून आणखी काय काढून घेतले जाते, हे विचारावे. काहीच काढून घेतले जात नसेल, तर तक्रार फेटाळायला हरकत नाही.