बॉडीला हात लावून वायंडिंग कळत नाही

उभा राहा. हा रिपोर्ट तुझाच ना? ‘मोटारचे तापमान ८० अंश, मोटार सुरक्षित.’ कुठलं तापमान? मोटारला एकच तापमान असतं, असं कुणी सांगितलं तुला?

तू तापमान मोजायची गन धरलीस फॅनजवळच्या फिन्सवर, जिथे वारा सगळ्यात आधी लागतो. उष्णता जन्मते आत, खाचेतल्या तांब्यात, स्टेटरच्या पत्र्यांत, रोटरच्या बारमध्ये. खाचेतली उष्णता इन्सुलेशन ओलांडून पत्र्यात, तिथून बॉडीत आणि मग हवेत जाते. प्रत्येक टप्प्यावर तापमान उतरत जातं. खाचेबाहेर आलेली वायंडिंगची टोकं तर पत्र्याला टेकलेलीही नसतात, म्हणून तीच अनेकदा जास्त तापतात. तुझ्या गनला यातलं काय दिसलं?

आणि जे हाताशी होतं ते तरी वापरायचंस! तुझ्याच वहीत आहे: गार असताना, ३० अंशांना, वायंडिंगचा रेझिस्टन्स २.० ओहम; मोटार बंद केल्या केल्या २.७. तांब्याचा आकडा २३४.५. त्यात ३० मिळव, १.३५ ने गुण, २३४.५ वजा कर. १२२.६ अंश! तेही सरासरी. सगळ्यात तापलेली जागा आणखी दहाएक अंश वर धरायची. मोटारच्या प्लेटवर इन्सुलेशन क्लास बी लिहिलंय, मर्यादा १३०. मोटार मर्यादेबाहेर चालली होती आणि तू ‘सुरक्षित’ लिहून खाली सही ठोकलीस.

प्लेटवरचा हिशेब भोवतालची हवा ४० अंश धरून असतो. मोहोळच्या एप्रिल-मेमध्ये पारा त्यावर जातो, पत्र्याच्या शेडमध्ये तर विचारूच नकोस. त्यात व्होल्टेज पडलं की करंट चढतो. दीडपट करंट म्हणजे तांब्यात सव्वादोनपट उष्णता. एक फेज गेली आणि कुणी कंडेन्सर टाकून मोटार रेटली, तर आणखी वाईट. मर्यादेच्या वर दर दहा अंशांना इन्सुलेशनचं आयुष्य साधारण निम्मं होतं. उद्या सीनेकाठचा शेतकरी तुझ्या शब्दावर मोटार चालू ठेवेल. ऐन उन्हाळ्यात ती जळाली, तर रिवायंडिंग होईपर्यंत त्याच्या उसाला पाणी कोण देणार? तू?

जा. पूर्ण लोड दे, तापमान चढायचं थांबेपर्यंत चालव. बंद केल्यावर लगेच रेझिस्टन्स घे, चहा पिऊन आल्यावर नाही. प्रत्येक फेजचा करंट आणि शेडमधल्या हवेचं तापमान वेगळं लिही. तोवर दुसऱ्या मोटारला हात लावायचा नाही.