जरा स्पोर्टिंगली घ्या

‘स्पोर्टिंगली घ्या’ हे वाक्य जिंकलेल्या माणसाला उद्देशून म्हटलेलं मी आजवर एकदाही ऐकलेलं नाही. बढती मिळालेल्याला कोणी, “अभिनंदन, पण स्पोर्टिंगली घ्या हं,” म्हणत नाही. ते वाक्य ज्याची बढती हुकली त्याच्यासाठी राखून ठेवलेलं असतं, आणि म्हणणारा बहुधा ती मिळालेलाच असतो. वर पेढाही देतो.

पाचगणीच्या तर हवेतच हा शब्द आहे. एकोणिसाव्या शतकात जॉन चेसन नावाच्या साहेबानं इथं सिल्व्हर ओक लावले, मागून बोर्डिंग शाळा आल्या आणि शाळांबरोबर स्पोर्ट्स डे आला. 1958 साली इथल्या सेंट पीटर्स शाळेतल्या मुलांचा एक बँड होता. त्यात पियानो वाजवणारा फारुख बलसारा पुढं फ्रेडी मर्क्युरी झाला. अंतिम सामना संपला की मैदानात विजेत्यांसाठी जे गाणं लावतात ते त्याच्याच 1977 सालचं. आमच्या पाचगणीत शिकलेलं पोरगं, अभिमान आहेच! पण त्या वेळी हरलेले अकरा जण कडेला मान खाली घालून बुटांच्या नाड्या सोडत असतात, त्यांच्यासाठी कोणी पियानो वाजवत नाही.

‘स्पोर्ट’ हा शब्द मुळात इतका तोऱ्याचा नव्हता. जुन्या फ्रेंचमधून तो ‘डिस्पोर्ट’ म्हणून आला. अर्थ काय, तर मन जरा दुसरीकडे नेणं, विरंगुळा. पुढचं ‘डि’ वाटेत गळून पडलं. म्हणजे टेबल लँडवर चादर पसरून आमच्या मावशी सांगलीचा भडंग खातात तोही अस्सल स्पोर्टच. मग साहेबाच्या तोंडी स्पोर्ट म्हणजे शिकार झाली आणि बंदूक घेऊन हिंडणारा तो स्पोर्ट्समन झाला. ह्यात बिबट्याचं मत कोणी विचारलं नाही, त्यानं स्पोर्टिंगली घ्यावं एवढीच अपेक्षा असावी. झाडाची एखादीच फांदी वेगळ्या रंगाचं फूल देऊ लागली तर माळीकामाच्या इंग्रजीत तिलाही स्पोर्ट म्हणतात. आपल्याकडे अशा फांदीला घराण्याला कलंक म्हणतात.

मराठीत ‘खिलाडूवृत्ती’ आहे, पण ती बक्षीस समारंभातल्या पाहुण्यांच्या भाषणात. गल्लीत कोणी कोणाला “काय रे तुझी खिलाडूवृत्ती!” म्हणत नाही. गल्लीत शब्द आहेत ते रड्या, चिडका, रडीचा डाव. हरणाऱ्याला हिणवायला एवढी सामग्री, आणि जिंकून माजणाऱ्यासाठी खेळातला धड एक शब्द नाही! मात्र एका शब्दावर मी सगळी खिलाडूवृत्ती ओवाळून टाकीन, तो म्हणजे लिंबूटिंबू. सगळ्यांबरोबर धावायचं, ओरडायचं, पण त्याच्यावर राज्य नाही. इथं सोसतो तो मोठा. धाकट्याला कोणी स्पोर्टिंग व्हायला सांगत नाही.

मोठ्यानं सोसल्याचं गाजलेलं उदाहरण मुंबईचं आहे. फेब्रुवारी 1980, वानखेडेवरची सुवर्णमहोत्सवी कसोटी. पाच इंग्रज 58 धावांत परतलेले. यष्टिरक्षक बॉब टेलरला पंचांनी झेलबाद दिलं. बॅटला चेंडू लागलेलाच नाही, असं कर्णधार विश्वनाथला वाटलं. त्यानं पंचांना निर्णय फिरवायला सांगितलं आणि टेलरला परत बोलावलं. मग टेलर आणि बोथमनं 171 धावांची भागी केली, बोथमनं शतक ठोकलं आणि आपण दहा गड्यांनी हरलो.

आमच्या शाखेतून निवृत्त झालेल्या अण्णांना हा विषय काढला की रक्तदाब वाढतो. तो सामना त्यांनी रेडिओला कान लावून ऐकलेला. टेबल लँडच्या कडेला मक्याचं कणीस खाता खाता ते मला म्हणाले, “कर्णानं कवचकुंडलं दिली ती स्वतःची. ह्यानं दिली ती अकरा जणांची! दुसऱ्याच्या खिशातून दानधर्म करायला ह्याला सांगितलं कोणी?”

प्रश्न बिनतोड वाटतो. मोठेपणा आपला आणि किंमत भरणारे दुसरे, हा प्रकार घरोघर चालतो. ‘आम्ही हुंडा घेतला नाही’ असं सांगत फिरणारे सासरे मुलाला न विचारताच थोर झालेले असतात. पण अण्णांनी आयुष्यभर कॅश सांभाळली, म्हणून मी त्यांना त्यांच्याच भाषेत विचारलं, “अण्णा, संध्याकाळी कॅश मोजली आणि पाचशे रुपये जास्त भरले, तर ते बँकेचा नफा म्हणून लावत होता का?”

“छे! उचंत खात्यात. ते कुणाचे तरी असणार.”

“मग टेलरची विकेट जास्तीची भरली होती. विश्वनाथनं दान केलं नाही, ज्याची रक्कम त्याला परत केली. परत करायला अकरा जणांची सही कशाला लागते?”

अण्णा कणीस फिरवत बराच वेळ गप्प राहिले. खाली कृष्णेचं खोरं धुक्यात गेलं होतं. मला वाटलं, टॅली झालं.

“ते उचंत खातं ठीक आहे,” ते म्हणाले, “पण त्याच सामन्यात बोथमनं तेरा विकेट घेतल्या. त्यातली एक तरी परत केली का?”

ह्यावर मला काही सुचलं नाही. कणसावर लिंबू मात्र छान पिळलेलं होतं.