पातेलं कोणाच्या हातात?

जर्मन घरात मसुराचं सूप करायला आदल्या रात्रीची तयारी लागत नाही. तिथला चपटा, हिरवट-तपकिरी मसूर भिजत न घालताही शिजतो, आणि हीच त्याची घाईच्या दिवशीची किंमत. चौघांसाठी पाव किलो मसूर आणि सव्वा लिटर पाणी पुरतं. गाजर, लीक, सेलरीचा कंद आणि पार्सली यांची खास सुपासाठी बांधलेली जुडी बाजारात आयतीच मिळते. ती बारीक चिरून कांद्याबरोबर परतायची. मांस खाणाऱ्यांच्या घरी त्यात खारवलेल्या डुकराच्या मांसाचे तुकडेही पडतात. मग मसूर, बटाट्याच्या फोडी, तमालपत्र आणि पाणी. पाऊण तासाच्या आत सूप दाट होतं. मग त्यात सॉसेज गरम करायची आणि अगदी शेवटी चमचाभर व्हिनेगर घालायचं. ते आधी पडलं तर मसूर लवकर मऊ होत नाही. दक्षिणेकडच्या श्वाबियात हाच मसूर आणखी घट्ट शिजवून श्पेट्झल नावाच्या अंड्याच्या शेवयांबरोबर वाढतात.

गरिबाचं, पोटभरीचं, कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेलं हे अन्न. तरीही बायबलमधला सगळ्यात बदनाम सौदा झाला तो मसुरावरच.

‘उत्पत्ती’ या ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात ही गोष्ट जेमतेम सहा वचनांत उरकते. इसहाकाचे जुळे मुलगे, एसाव थोरला आणि याकोब धाकटा. याकोब कालवण शिजवत बसलाय. एसाव रानातून थकून येतो आणि ते तांबडं काहीतरी खायला मागतो. याकोब म्हणतो, आधी थोरलेपणाचा हक्क मला विक. मी मरायला टेकलोय, हक्क घेऊन काय करू, असं एसावाचं उत्तर. याकोब एवढ्यावर थांबत नाही, आधी शपथ घ्यायला लावतो. मग भाकरी आणि मसूर. एसाव खातो, पितो, उठतो, निघून जातो. पुढे बायबलच्याच ‘अनुवाद’ नावाच्या ग्रंथात थोरल्याला वारशात दुप्पट वाटा सांगितला आहे. त्यावरून गेलेली वस्तू काय मोलाची होती, याचा अंदाज येतो.

निकाल मूळ कथेतच लागला आहे: एसावाने आपला हक्क तुच्छ मानला. नव्या करारातलं इब्री लोकांस लिहिलेलं पत्र त्याला एका जेवणासाठी हक्क विकणारा अधर्मी माणूस ठरवतं. 1534 साली लुथरचं संपूर्ण जर्मन बायबल छापून आलं. याच कथेवरून, अमोल गोष्ट मसुराच्या ताटलीसाठी विकणं, असं जर्मन माणूस आजही बोलण्यात म्हणतो. पण त्या बोलण्यात दोष नेहमी विकणाऱ्याच्या माथी बसतो. विकत घेणाऱ्याबद्दल कुणी काही म्हणत नाही.

ख्रिस्ती संत ऑगस्टिनने ‘कन्फेशन्स’च्या दहाव्या भागात या प्रसंगाचा फार चतुराईने उपयोग केला आहे. अन्न अपवित्र नसतं, वासना अपवित्र असते, हा त्याचा मुद्दा. नोहाला सगळ्या प्रकारचं मांस खायची मुभा मिळाली, एलियाला मांस खाऊ घातलं गेलं, बाप्तिस्मा करणारा योहान टोळ खाऊन राहिला; त्यांना दोष लागला नाही. एसाव मात्र मसुरापायी फसला. मांस खाणारे सुटले आणि डाळ खाणारा अडकला! युक्तिवाद सुंदर आहे, पण तो उभा आहे एका गृहीतावर: एसावाला हाव सुटली होती. कथा मात्र सांगते की तो थकून गळून आला होता. हाव आणि भूक बाहेरून सारखीच दिसतात, आणि भरल्या पोटी न्याय करायला बसलेल्याला तर त्यांतला फरक हमखास दिसत नाही.

यहुदी परंपरेला या पातेल्याविषयी काहीतरी खटकलं असावं. तालमुदातल्या बाबा बत्रा या भागात म्हटलंय की त्याच दिवशी आजोबा अब्राहाम वारले होते आणि याकोब बापाच्या सांत्वनासाठी मसूर शिजवत होता. मसूर का? तो चाकासारखा गोल असतो आणि दुःख तसंच फिरत फिरत प्रत्येकाच्या दारी येतं. शिवाय मसुराला खाच नसते, म्हणजे तोंड नसतं, आणि सुतक्यालाही बोलायला तोंड उरत नाही. सुतकातल्या पहिल्या जेवणात मसूर आणि अंडी वाढण्याची रीत आजही पाळली जाते. पण मग प्रश्न अधिकच बिकट होतो. सुतकाच्या घरी शिजत असलेलं अन्न सख्ख्या भावाला शपथ घालून विकायचं? तालमुदात तिथेच रब्बी, म्हणजे यहुदी धर्मपंडित, एसावाच्या खात्यावर त्या एका दिवसात पाच मोठी पापं मांडतात. सौद्याची बाजू सांभाळायला इतका आधार लागावा, यातच काय ते आलं.

आपल्याकडे छांदोग्य उपनिषदात असाच एक भुकेला आहे. कुरुदेशातलं पीक बुडालेलं, उषस्ति चाक्रायण बायकोसह वणवण फिरतोय. हत्ती बाळगणाऱ्या एका माणसाला तो कुल्माष, म्हणजे हलकं उकडलेलं धान्य खाताना पाहतो आणि त्याच्याकडे मागतो. तो म्हणतो, माझ्या पुढ्यात आहेत तेवढेच आहेत. उषस्ति ते उष्टे कुल्माष घेतो. मग तो माणूस पाणीही देऊ करतो, तर उषस्ति नाही म्हणतो: ते उष्टं आहे. मग कुल्माष उष्टे नव्हते का? ते खाल्ले नसते तर जगलो नसतो, पाणी मात्र मला हवं तेव्हा मिळेल, असं त्याचं उत्तर. आपद्धर्माची इतकी नेमकी आखलेली सीमा क्वचितच सापडेल. भूक असेपर्यंत सूट, भूक सरली की सूट संपली. आणखी एक गोष्ट नजरेतून सुटते. हत्तीवाल्याने घासाच्या बदल्यात काहीही मागितलं नाही.

या कसोटीवर एसाव बघण्यासारखा आहे. वीस-एक वर्षं परमुलखात राहून याकोब परत येतो, चारशे माणसांनिशी येणाऱ्या भावाच्या भीतीने शेळ्या, मेंढ्या, उंट, गाई, गाढवं अशी साडेपाचशेच्या वर जनावरं भेट म्हणून पुढे पाठवतो. एसाव धावत येऊन त्याला मिठी मारतो आणि म्हणतो, माझ्याकडे पुष्कळ आहे, तुझं तुलाच राहू दे. अखेर आग्रहाखातर घेतो, ते वेगळं. पण खादाड म्हणून ज्याचं नाव झालं, तो पोट भरलेलं असताना पहिला शब्द ‘नको’ काढतो. उत्पत्तीचा तेहतिसावा अध्याय व्यासपीठावरून पंचविसाव्याइतका ऐकू येत नाही.

इथवर एसावाची बाजू सोपी वाटते. ती अवघड होते लेनिनग्राडमध्ये.

जर्मनीत 1933च्या ऑक्टोबरपासून नाझी सरकारने हिवाळ्यातला महिन्याचा एक रविवार एकाच पातेल्यातल्या जेवणाचा ठरवला. मसूर, वाटाणा, कोबी, जे असेल ते एकत्र शिजवायचं आणि वाचलेले पैसे दारी येणाऱ्याच्या मदतपेटीत टाकायचे. गरिबाच्या सुपाला त्यागाची परीक्षा करून टाकलं. याच राजवटीच्या सैन्याने 8 सप्टेंबर 1941ला लेनिनग्राडची नाकेबंदी पूर्ण केली आणि 27 जानेवारी 1944पर्यंत लाखो माणसं मुख्यतः भुकेने मेली. शहरात निकोलाय वाविलोव यांनी उभारलेली बियाण्यांची संस्था होती. गहू, तांदूळ, डाळी, शेंगदाणे यांच्या हजारो पुड्या कपाटांत होत्या आणि त्या राखणारे शास्त्रज्ञ एकामागून एक उपासमारीने गेले. भुईमुगाचे अभ्यासक अलेक्झांडर श्चुकिन टेबलापाशीच वारले, भाताचे अभ्यासक दिमित्री इवानोव तांदळाच्या पुड्यांच्या सोबतीत. खुद्द वाविलोव तेव्हा स्टालिनच्या कैदेत होते. 26 जानेवारी 1943ला सारातोवच्या तुरुंगात त्यांचाही अंत झाला.

म्हणजे मरायला टेकलेली माणसंही हक्क राखू शकतात! ऑगस्टिनला याहून भक्कम पुरावा मिळाला नसता. मात्र हा पुरावा एसावावर उगारण्याआधी दोन गोष्टी पाहायला हव्यात. या माणसांनी न खाण्याचं स्वतः ठरवलं. समोर पातेलं धरून कुणी त्यांच्याकडून शपथ घेतली नव्हती. आणि ते राखत होते तो वारसा त्यांचा नव्हताच, न जन्मलेल्या पिकांचा आणि माणसांचा होता. त्यांच्या त्यागापुढे मान झुकते. पण ज्याच्या घरात उपासमार नाही, त्याने तोच त्याग दुसऱ्या भुकेल्याकडून वाजवी म्हणून मागावा, हा याकोबाचाच सौदा झाला, फक्त नाव बदलून. कपाटाबाहेर शहर मरत असताना ते बी वाटून टाकायला हवं होतं का, हा प्रश्न तरीही उरतोच. कुठलाही धर्मग्रंथ त्याचं उत्तर तयार ठेवून बसलेला नाही.

श्वाबियाच्या आल्ब पठारावर मसुराची शेती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जवळपास थांबली आणि तिथले जुने वाण हरवले. वोल्डेमार मामेल या शेतकऱ्याने 1980च्या दशकात फ्रेंच बियाणं आणून पुन्हा मसूर लावला. तो वेल आडवा पडतो, म्हणून आधाराला ओट किंवा बार्लीसोबत पेरावा लागतो आणि काढणीनंतर दाणे वेगळे करावे लागतात. जुन्या ‘श्पेट’ वाणांचं बी अखेर 2006 साली सापडलं, ते सेंट पीटर्सबर्गच्या, म्हणजे त्याच लेनिनग्राडच्या, वाविलोव संस्थेत. मूठभर दाण्यांपासून काही वर्षं वाढवून आता तो मसूर दुकानांत येतो, परदेशातून येणाऱ्या मसुरापेक्षा बराच महाग. त्यामुळे घाईच्या संध्याकाळी जर्मन पातेल्यात बहुधा स्वस्त, बाहेरून आलेलाच मसूर पडतो, आणि आल्बचा मसूर रविवारच्या श्पेट्झलसाठी राखून ठेवला जातो.