मिठाचे ऋण आणि कामाचा हक्क

खाल्ल्या मिठाला जागणे, हा मराठी भाषेने शिपाईगिरीच्या नीतीचा काढलेला सारांश होय. धन्याचे मीठ खाल्ले असेल तर प्रसंगी प्राण देऊन त्याची फेड करावयाची, असा त्याचा अर्थ. या वाक्प्रचारात ऋण एकाच दिशेने वाहते. मीठ देणारा सदैव धनको आणि खाणारा सदैव ऋणको. उमेदीची वर्षे देऊन शिपाई जिवंत परत आला, तर मीठ देणाऱ्याने कशाला जागावे, याविषयी हा वाक्प्रचार मौन पाळतो. पोवाड्यानेही हा प्रश्न फारसा विचारलेला नाही. त्याची दृष्टी रणांगणावर खिळलेली असते. पस्तिशी-चाळिशीत, हातपाय शाबूत ठेवून घरी परतलेला शिपाई तिच्या टप्प्यात क्वचितच येतो. आधुनिक राज्यसंस्थेला मात्र हा प्रश्न टाळता येत नाही. भारतात दरवर्षी सुमारे ६०,००० सैनिक सेवामुक्त होतात, आणि इतर नोकरदार ज्या वयात स्थिरावतात त्याच वयात बहुसंख्य जवानांना दुसऱ्या आयुष्याची जुळवाजुळव करावी लागते. त्यांना राज्य जे देते ते दान, मोबदला की परतफेड, हा मुळात नैतिक प्रश्न आहे. धोरणाचा विचार त्यानंतरचा.

या प्रश्नाची ऐतिहासिक रूपे एकाच ठिकाणी पाहावयाची असतील तर बंगळुरूकडे वळावे. १६३८ च्या सुमारास विजापूरच्या फौजांनी हे शहर घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. तलवारीची चाकरी आणि तिच्या बदल्यात मुलूख, असा तो व्यवहार होता. १८०९ मध्ये इंग्रजांनी येथे छावणी वसविली आणि व्यवहाराचे चलन पालटले. मुलखाची जागा रोख पगाराने व निवृत्तिवेतनाने घेतली. अलसूर तलावालगत आजही मद्रास इंजिनिअर ग्रुपचे केंद्र आहे. तिसरे रूप विसाव्या शतकातले. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने १९४० मध्ये येथे विमानांचा कारखाना काढला, तोच पुढे हिंदुस्तान एरोनॉटिक्स झाला. स्वातंत्र्यानंतर इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज, हिंदुस्तान मशीन टूल्स, भारत इलेक्ट्रॉनिक्स असे सार्वजनिक उद्योग शहराभोवती उभे राहिले, आणि सैनिकाला द्यावयाच्या परताव्यात सरकारी वा निमसरकारी नोकरीचा समावेश झाला. जमीन, निवृत्तिवेतन आणि रोजगार अशा तीन पायऱ्या या एका शहराच्या इतिहासात दिसतात.

पहिल्या पायरीवरची राज्ये कृतघ्न होती असे मात्र नाही. पेशवेकालीन कागदपत्रांत 'बालपरवेशी' असा एक शब्द आढळतो. लढाईत कामी आलेल्याच्या मुलाबाळांच्या पोषणासाठी सरकारातून जी नेमणूक होई, तिचे हे नाव. मिठाच्या वाक्प्रचाराने जे सांगितले नाही, ते या दफ्तरी शब्दाने थोडेसे सांगून ठेवले आहे : मीठ देणाऱ्यावरही काही बंधन असते. तथापि या बंधनाचे स्वरूप कृपेचे होते. नेमणूक धन्याच्या मर्जीने होई आणि मर्जी फिरल्यास खंडित होई. शिवाय तिचा लाभ प्रामुख्याने मृताच्या घराला. जिवंत परतलेल्याला पुढे काय, याचे उत्तर तिच्यातही नव्हते.

दुसऱ्या पायरीवरील उणीव निराळी होती, आणि ती महार सैनिकांच्या इतिहासात ठळकपणे दिसते. सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. सेवानिवृत्तीनंतर संसारासाठी त्यांनी साताऱ्यास सार्वजनिक बांधकाम खात्यात स्टोअरकीपरची नोकरी पत्करली. ज्याने लष्कराच्या शाळेत शिकविले, त्याला मुलकी जगात भांडाराच्या किल्ल्या सांभाळाव्या लागल्या. त्याच शतकाच्या अखेरीस महारांची लष्करभरती बंद झाली. तेव्हा ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून विनंतिपत्र सिद्ध करणारे गोपाळबाबा वलंगकर हे स्वतः निवृत्त सैनिकच होते. सैन्यातून घरी आलेल्यांना निवृत्तिवेतन मिळत होते. पण त्यांच्या मुलांना ते दार बंद झाले होते, आणि त्या दाराबरोबर अक्षरओळख, शिस्त, गावकुसाबाहेरचे जग आणि माणूस म्हणून मिळालेली थोडीशी प्रतिष्ठाही दुरावत होती. महार रेजिमेंटची उभारणी व्हावयास १९४१ साल उजाडावे लागले. ती बेळगावात झाली. पोटाची सोय झाली म्हणजे ऋण फिटले असे मानता येत नाही, ही गोष्ट या पिढीने अर्जविनंत्यांच्या भाषेत का होईना, पण स्पष्टपणे मांडली.

निवृत्तिवेतन हे उपकार नव्हे, हे कायद्याच्या भाषेत ठाम होण्यासही बराच काळ जावा लागला. डी. एस. नकारा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजी दिलेल्या निर्णयाने निवृत्तिवेतन ही मालकाच्या इच्छेवर अवलंबून असलेली बक्षिसी नसून केलेल्या सेवेबद्दलचा हक्क आहे, ही भूमिका पक्की केली. केलेल्या कामाचा लांबविलेला मोबदला म्हणून निवृत्तिवेतन कृपेच्या कक्षेतून बाहेर पडले. पुढील कामाविषयी मात्र असे झालेले नाही. त्या बाबतीत राज्य अद्याप 'कल्याण' हाच शब्द वापरते. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी माजी सैनिकाची नोंद कर्नाटकाच्या ज्या खात्याकडे जाते, त्याच्या नावात 'सैनिक कल्याण' आणि 'पुनर्वसन' हे दोन शब्द आहेत. त्याचे मुख्यालय बंगळुरूत, फील्ड मार्शल करिअप्पा यांचे नाव धारण करणाऱ्या भवनात आहे. कल्याण करणारा वर असतो, ज्याचे व्हावयाचे तो खाली. पुनर्वसन हा शब्दही धरणग्रस्तांसाठी आणि भूकंपग्रस्तांसाठी रूढ झालेला. जणू लष्करी सेवा ही एक आपत्ती होती आणि तिच्यातून वाचलेल्याला कोठेतरी वसवावयाचे आहे!

शब्दांमागील व्यवस्था पाहिली तर हा दोष केवळ शब्दांचा नाही हे ध्यानी येते. केंद्र सरकारच्या सेवेत माजी सैनिकांसाठी गट 'क' मध्ये १० टक्के आणि गट 'ड' मध्ये २० टक्के जागा राखून ठेवण्याची तरतूद झाली. सार्वजनिक उद्योगांत हे प्रमाण १४.५ आणि २४.५ टक्के ठरले. टक्केवारी ज्याची काढावयाची ते मूळ मात्र आटत गेले. सहाव्या वेतन आयोगानंतर केंद्रातील गट 'ड' गट 'क' मध्ये विलीन झाला. शिपाई, रखवालदार, सफाई कामगार यांची अनेक कामे कंत्राटदारांकडे गेली. बंगळुरूतील ज्या हिंदुस्तान मशीन टूल्सच्या घड्याळांनी एका पिढीची मनगटे सजविली, तिची घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय सरकारने जानेवारी २०१६ मध्ये घेतला. राखीव जागांचा नियम पुस्तकात राहिला आणि कारखाना गेला.

दरम्यान त्याच शहरात संगणक उद्योगाने अपूर्व रोजगार निर्माण केला. त्या रोजगारात माजी सैनिकाची ठरीव जागा कोठे, हे पाहावयास आत जाण्याची गरज पडत नाही. ती बहुधा फाटकावरच असते. रखवालीचे काम हलके आहे असे म्हणण्याचा येथे हेतू नाही. प्रश्न निवडीचा आहे. ज्याने नदीवर पूल टाकले, दळणवळणाची यंत्रणा चालविली, तीस माणसांच्या तुकडीचा शिधा, शिस्त आणि सुरक्षितता सांभाळली, त्याच्या अंगच्या गुणांपैकी मुलकी जगाला गणवेश आणि ताठ कणा एवढेच दिसावे, यात त्याचा तोटा आहेच, पण समाजाचाही आहे. शासकीय नियमांतील एक तरतूद या दृष्टीने बोलकी आहे. पंधरा वर्षे सेवा केलेला, मॅट्रिक झालेला माजी सैनिक पदवीची अट असलेल्या गट 'क' च्या पदास पात्र मानला जातो, परंतु जेथे तांत्रिक वा व्यावसायिक स्वरूपाचा अनुभव आवश्यक नसतो अशा पदांपुरताच. सेवेच्या वर्षांचा मान राखला जातो. त्या वर्षांत हाताने काय शिकले, याची मोजदाद या सवलतीत नाही.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो क्षुल्लक नाही. सुशिक्षित बेकारांच्या देशात, निवृत्तिवेतन मिळणाऱ्याला दुसरी नोकरी देताना ज्याला पहिलीच मिळालेली नाही त्याच्यावर अन्याय होत नाही काय? जोखीम हाच निकष असेल तर गटारात उतरणारा सफाई कामगार आणि खाणीतला मजूर यांचे काय? शौर्याची स्तुती करून या आक्षेपाला उत्तर मिळणार नाही. जोखमीच्या तुलनेत कोण वरचढ, हा वादही निष्फळ आहे; सफाई कामगाराचे देणे समाजाने चुकविलेले नाही, म्हणून सैनिकाचे देणे खोटे ठरत नाही. उत्तर कराराच्या स्वरूपात शोधावे लागते. सैनिक मनाला येईल तेव्हा नोकरी सोडू शकत नाही. संविधानाच्या अनुच्छेद ३३ अन्वये त्याच्या मूलभूत हक्कांना मर्यादा घालण्याचा अधिकार संसदेस आहे. तो संघटना बांधू शकत नाही. आणि सैन्य तरुण राहावे या राज्याच्या गरजेपोटी, काम करण्याची शक्ती असतानाच त्याला घरी पाठविले जाते. ज्या वयात इतर माणसे एखाद्या व्यवसायात मुरतात, ते वय राज्याने स्वतःसाठी वापरून घेतलेले असते. निवृत्तिवेतन हे त्या वर्षांच्या श्रमाचे मोल झाले. त्या वर्षांत घडू शकले असते असे जे दुसरे आयुष्य, त्याची भरपाई त्यात होत नाही. म्हणून सैनिकाचा दावा बेकार तरुणाच्या जागेवर नाही. तो राज्याने घेतलेल्या संधीच्या परताव्यावर आहे, आणि असा परतावा मुख्यतः कौशल्याच्या रूपानेच करता येतो.

या विचाराला महाराष्ट्रात दोन आधार सापडतात. १९१७ मध्ये स्थापन झालेली आणि पुढे खडकीत नांदलेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट ही अपंग सैनिकांना व्यवसाय शिकविणारी संस्था. गमावलेल्या अवयवाबद्दल केवळ पैसा न देता उरलेल्या हातांना विद्या द्यावी, हे तिचे तत्त्व. दुसरा आधार रोजगार हमी योजनेचा. वि. स. पागे यांच्या चिंतनातून आकारास आलेल्या आणि १९७२ च्या दुष्काळात विस्तारलेल्या या योजनेला १९७७ च्या कायद्याने अधिष्ठान दिले. काम मागणाऱ्याला काम देणे हे सरकारचे कायदेशीर कर्तव्य ठरले आणि दुष्काळी कामावरची मजुरी ही भीक राहिली नाही. पहिल्या उदाहरणात कौशल्याचे मोल आहे, दुसऱ्यात हक्काची भाषा. माजी सैनिकांविषयीच्या धोरणात या दोहोंची सांगड अजून पडावयाची आहे.

जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेने या प्रश्नाला नवी धार आणली. चार वर्षांची सेवा, त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्क्यांना कायम होण्याची संधी; उरलेल्यांना सेवानिधीची एकरकमी रक्कम, निवृत्तिवेतन नाही. भूदलातील पहिल्या तुकड्यांचे प्रशिक्षण जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाले. या योजनेची लष्करी उपयुक्तता हा वेगळा विषय. नैतिक अंगाने एवढे खरे की निवृत्तिवेतनाचा हक्क ज्याला नाही, त्याच्या बाबतीत दुसऱ्या कामाचा प्रश्न हाच एकमेव प्रश्न उरतो. सैन्य आणि बेकारी यांच्यातला हा तरुण पंचविशीच्या आतबाहेरच पुन्हा रांगेत येतो. निमलष्करी दलांत राखीव जागा ठेवल्या गेल्या आहेत, पण मूळ सवाल त्याने सुटत नाही : चार वर्षांत त्याच्या हाती असे काय आले, जे बाहेरच्या जगात त्याचे स्वतःचे म्हणता येईल?

सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' हा शब्द लागलेला आहे. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या तेथील ४६ जवानांचे स्मारक गावात उभे आहे. स्मारक मृतांसाठी असते आणि ते असावेच. बालपरवेशीमागेही मृताची आठवण होती. परंतु त्या गावातून गेलेले बहुसंख्य शिपाई परत आले, येतात. एस. टी. तून ट्रंक उतरवून घेणाऱ्या, अजून चाळिशीही न ओलांडलेल्या माणसासाठी स्मारक बांधता येत नाही. त्याच्यासाठी राज्याला एकच गोष्ट करता येते : त्याने जे शिकले ते ओळखणे, जे शिकावयाचे राहिले ते शिकविणे आणि मग त्याच्या कामाला त्या कामाचाच दाम देणे. मिठाला जागण्याची पाळी त्या वेळी मीठ देणाऱ्याची असते.