तेंडुलकरांनी मोडले काय, राखले काय?

विजय तेंडुलकरांनी मराठी नाटकाचा जुना साचा मोडला, हे विधान आपल्या समीक्षेत इतक्या वेळा केले गेले आहे की ते तपासून पाहण्याची गरज सहसा कुणास भासत नाही. परंतु १९६७ साली ‘रंगायन’ या नाट्यसंस्थेने रंगभूमीवर आणलेले त्यांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ बारकाईने वाचणाऱ्यास तीन अंक, एकच स्थळ आणि काही घटकांचा अवकाश हा पाश्चात्त्य नाट्यशास्त्राचा जुनाच दंडक तेथे जवळजवळ निरपवाद पाळलेला आढळेल. नवलाची गोष्ट ही की, त्या दंडकाला तेंडुलकर वास्तवातलेच कारण पुरवितात. नाटक जेथे घडते त्या सभागृहाच्या दाराची कडी बिघडलेली आहे, ती नीट सरकवली नाही तर दार बाहेरून अडकते, ही गोष्ट पहिल्याच अंकात सहज बोलण्याच्या ओघात सांगून टाकलेली असते. आणि पुढे नायिका बेणारेबाई निघून जाऊ पाहतात तेव्हा स्थलैक्याचा नियम त्या कडीच्या रूपाने त्यांची वाट अडवितो.

निसर्गवादी नाटककारांस संकेतांचा मोठा तिटकारा. संकेत आला की सत्य गेले, अशी त्यांची समजूत. आमच्या पेठ-सुरगाण्याकडे बोहाडा हा मुखवट्यांच्या सोंगांचा उत्सव पाहिलेल्या माणसास हे मान्य होणे कठीण आहे. गणपती आणि शारदा यांची सोंगे आधी येतात हा तेथला शिरस्ता. सांबळाच्या ठेक्यावर नाचणाऱ्या मुखवट्याआड गावातलाच कोण आहे हे सर्वांस ठाऊक असते, आणि तरीही त्या सोंगापुढे हात जोडले जातात. संकेत उघड असल्याने श्रद्धेस बाध येत नाही. ‘शांतता’तली पात्रे खेळ म्हणून मांडतात त्या अभिरूप न्यायालयातही न्यायाधीश, वकील, साक्षीदार ही सोंगेच आहेत. मात्र येथे सोंग घेणाऱ्यांना त्या आडोशाने एका अविवाहित शिक्षिकेच्या, म्हणजे बेणारेबाईंच्या, खासगी आयुष्याची जबानी घेण्याची मुभा मिळते, आणि शपथ, साक्षीपुरावा, फैसला हा इजलासाचा सारा दस्तुर क्रौर्याच्या कामी येतो. (भ्रूणहत्येचा आरोप ठेवणारे हेच न्यायाधीश शेवटी गर्भ नष्ट करण्याचा हुकूम फर्मावतात, ही विसंगती त्या न्यायालयातल्या एकाच्याही ध्यानात येत नाही.)

सर्वांत धीट योजना मात्र स्वगताची आहे. वास्तववादाने ज्याला कालबाह्य ठरवून रंगभूमीवरून हद्दपार केले, ते स्वगत या नाटकाच्या अखेरीस पुन्हा येते, आणि तेही लेखकाच्या मूळ संकल्पात नसताना, दिग्दर्शक अरविंद देशपांडे यांच्या आग्रहावरून. आरोपीला बचावासाठी दिलेल्या क्षणमात्र अवधीत इतर सर्व पात्रे निश्चल होतात आणि बेणारेबाई मनातले सर्व बोलतात. सुलभा देशपांडे यांच्या मुखातून ते ज्यांनी ऐकले ते प्रेक्षक हेलावले, पण रंगमंचावरच्या कोर्टाच्या दप्तरी त्यातला एक शब्दही दाखल होत नाही. स्वगत इतर पात्रांस ऐकू जात नाही हा शेकडो वर्षांचा रंगसंकेत; बहिऱ्या समाजाचे याहून काटेकोर वास्तवचित्र मला तरी दुसरे ठाऊक नाही.

‘गिधाडे’त दाहकता अधिक आहे आणि ‘सखाराम बाइंडर’ची कीर्ती कोर्टकज्ज्यांमुळे अधिक गाजली, हे खरे, तथापि रचनेच्या कसोटीवर तेंडुलकरांचे श्रेष्ठ नाटक ‘शांतता’ हेच होय.