दोरी कुणाच्या हाती?
आईचं वय 82. फ्लूची लस घे म्हटलं की उत्तर ठरलेलं, “दोरी त्याच्या हाती.” मग रस्ता ओलांडताना माझा हात घट्ट का धरतेस, असं विचारलं तेव्हा हसली नि तांदूळ निवडत राहिली.

विषाणू रूप पालटत राहतो, म्हणून लस दरवर्षी; ती अंगी लागायला दोनेक आठवडे जातात, म्हणून पावसाळ्याआधी. मीही घेतो, कारण तिच्यापर्यंत ताप आणणारा बहुधा मीच. माझी शिंक तिच्या प्रारब्धाच्या खात्यावर कशी टाकू?

गेल्या श्रावणात खोकला होता, तर पाया न पडता उंबऱ्याबाहेरूनच हात जोडले. दोन दिवस बोलली नाही. सोवळं तिनेच शिकवलेलं, बरं का!

यंदा मेअखेरीस तिने दंड पुढे केला. डावा. उजव्या हाताने जप असतो.